उंची बघून डिफेन्डर ठरवू नका: १२ ते १६ वयाच्या बास्केटबॉलपटूंसाठी मोजमाप, चाचण्या आणि सराव

अंडर-१४च्या निवडीला मुलं आली की पहिल्या दहा मिनिटांत बरंचसं ठरून गेलेलं असतं. उंच मुलगा रिंगखाली, बुटका बॉल घेऊन वर, उरलेले दोन्ही बाजूंना. पुढची तीन-चार वर्षं उंच मुलाला कोणी मोकळ्या कोर्टवर गार्डसमोर (बॉल पुढे आणणाऱ्या चपळ खेळाडूसमोर) उभं करत नाही आणि बुटक्याला कोणी बॉक्स आउट, म्हणजे रिंगवरून परत येणाऱ्या बॉलपासून समोरच्याला अंगाने मागे रोखणं, शिकवत नाही. मग सतराव्या वर्षी उंच मुलगा पाच फूट नऊवर थांबलेला असतो, बुटका सहाच्या पुढे गेलेला असतो, आणि दोघांनाही आता जे काम करायचंय तेच येत नसतं. हे नुकसान टाळता येतं. शाळेत, क्लबमध्ये या वयाला शिकवणारे सर-मॅडम आणि या मुलांचे आईवडील, दोघांना करता येईल असं सगळं इथे सांगतो.

उंचीने काय मिळतं, काय मिळत नाही

उंचीला काही महत्त्व नाही, असं सांगून मुलांची समजूत काढू नये. रिंग ३.०५ मीटरवर आहे आणि तिच्याजवळ उंच माणसाला बॉल अडवणं सोपं जातं. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, वर्षातला सर्वोत्तम डिफेन्डर म्हणून दिला जाणारा पुरस्कार बहुतेक वेळा मोठ्या देहाच्या खेळाडूंनाच मिळाला आहे. १९९६मध्ये गॅरी पेटनला तो मिळाला, आणि त्यानंतरचा गार्ड थेट २०२२मध्ये, मार्कस स्मार्ट. मधली २५ वर्षं सेंटर आणि फॉरवर्डच, म्हणजे रिंगकडच्या जागांवरचे उंच खेळाडूच. रुडी गोबेर, सात फूट एक इंच, हा पुरस्कार चार वेळा घेऊन बसला आहे.

पण याच यादीत ड्रेमंड ग्रीनही आहे. साधारण साडेसहा फुटांचा हा खेळाडू सेंटरच्या जागेवर खेळण्यासाठी बुटका मानला गेला, २०१२च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) तब्बल ३५व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१७मध्ये सर्वोत्तम डिफेन्डर ठरला. एनबीएच्या इतिहासातले सर्वाधिक ३,२६५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल) जॉन स्टॉक्टनच्या नावावर आहेत, तो सहा फूट एक इंच. मग्सी बोग्ज पाच फूट तीन इंचांचा, म्हणजे आपल्याकडच्या नववीतल्या कितीतरी मुलांपेक्षा बुटका. तो १४ हंगाम एनबीएत टिकला आणि १९९३मध्ये त्याने सात फुटी पॅट्रिक युइंगचा बॉल ब्लॉक केला होता. एक ब्लॉक ही गंमत झाली. त्याचा रोजचा डिफेन्स वेगळाच होता: समोरच्याचा ड्रिबल जमिनीवरून वर येतो त्या क्षणी त्याचा हात आधीच खाली असायचा, आणि त्याच्यासमोर बॉल पुढे नेणं गार्डना नकोसं व्हायचं.

म्हणजे उंची रिंगपाशी खूप लागते, थ्री पॉइंट लाइनपाशी बरीच कमी लागते आणि बॉल पुढे आणणाऱ्याला अडवताना कधीकधी आडच येते. शिवाय हे सगळे पूर्ण वाढ झालेले, लाखोंतून निवडलेले लोक. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलताना प्रश्न आणखी वेगळा होतो, कारण त्याची आजची उंची ही त्याची उंचीच नसते.

पायरी १: मोजा, आणि नुसती उंची मोजू नका

एक वही करा. प्रत्येक मुलासाठी एक पान. दर तीन महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, बूट काढून मोजायचं. सकाळी आणि संध्याकाळी उंचीत सेंटीमीटरभर फरक पडू शकतो, म्हणून वेळ महत्त्वाची. तीन मापं घ्या.

उंची. मग पोच: भिंतीला बाजूने टेकून, टाचा जमिनीवर ठेवून एक हात सरळ वर, बोटाचं टोक जिथे लागेल तिथे खडूची खूण. आणि विंगस्पॅन: भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे, एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत.

डिफेन्सच्या दृष्टीने यातली पोच सगळ्यात कामाची. शॉटला आडवा जातो तो हात. डोक्याने कोणी शॉट अडवत नाही. १६५ सेंटीमीटरच्या मुलाची पोच २१९ आणि १७०च्या मुलाची २१७ भरली, असं अगदी सहज घडतं. रांगेत उभं केलं तर तुम्ही दुसऱ्याला उंच म्हणाल, रिंगखाली पहिला उंच ठरेल. सामान्य माणसाचा विंगस्पॅन साधारण उंचीइतकाच असतो. ग्रीनचा मात्र सात फुटांच्या पुढे आहे, त्याच्या उंचीपेक्षा अर्ध्या फुटाने जास्त. त्याला बुटका म्हणणाऱ्यांनी मोजपट्टी उभी धरली, आडवी धरली नाही.

चौथं माप तुम्हाला हवं तर: उडी मारून पोच. फक्त एक उडी नको. लागोपाठ तीन उड्या, मध्ये थांबायचं नाही, आणि तिसऱ्या उडीची खूण लिहून ठेवा. रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेला बॉल, बहुतेक वेळा पहिल्या उडीत हाती येत नाही. बॉल टॅप होतो, पुन्हा उडी मारावी लागते. तिसरी उडीही पहिलीइतकीच उंच जाणारा मुलगा सापडला तर त्याच्या नावापुढे तारा काढा.

पायरी २: मूल वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा

ही पायरी आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही, आणि सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथेच होतात.

मुलींची झपाट्याने वाढ साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी, मुलांची साडेतेरा-चौदाव्या वर्षी जोरात असते. त्या वर्षात मुलगा ९-१० सेंटीमीटर वाढू शकतो, मुलगी ८च्या आसपास. हे सरासरीचं झालं. प्रत्यक्षात एकाच वर्गातली दोन मुलं शरीराने दोन-तीन वर्षं पुढेमागे असतात. शालेय स्पर्धेच्या अंडर-१४ गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच मापाने तोलला जातो, तो फरक आणखी वेगळा. तेराव्या वर्षी मिशी फुटलेला मुलगा रिंगखाली राज्य करतो त्यात कौशल्य किती आणि लवकर आलेलं वय किती, हे त्या वर्षी नुसत्या नजरेला कळत नाही. वही असेल तर अंदाज येतो: तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली की झपाट्याचा काळ चालू आहे असं समजा. तो येऊन गेला असेल आणि आता वाढ मंदावत असेल, तर हा आजचा ‘उंच’ मुलगा फार पुढे जाणार नाही.

आईवडिलांच्या उंचीवरूनही ढोबळ हिशोब होतो. मुलासाठी वडिलांची आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवा, त्यात १३ मिळवा, दोनने भागा. मुलीसाठी १३ वजा करा, दोनने भागा. वडील १७०, आई १५७, तर मुलगा १७० आणि मुलगी १५७ येते. पण उत्तराच्या दोन्ही बाजूंना साडेआठ सेंटीमीटरची मोकळीक आहे, म्हणजे हाच मुलगा १६२ पण होऊ शकतो आणि १७८ पण. एवढ्या मोकळिकीवर कोणाची जागा कायमची ठरवणं बरोबर नाही. हा आकडा मुलासमोर बोलू नका, एवढी विनंती.

ओघात आलंच आहे तर आईवडिलांना एक सांगायला हवं. ‘उंची वाढावी म्हणून बास्केटबॉलला घातलंय’ हे वाक्य प्रत्येक ग्राउंडवर ऐकू येतं. बास्केटबॉलने उंची वाढत नाही, बारला लटकूनही नाही आणि डब्यातल्या पावडरनेही नाही. उंच मुलं या खेळात निवडली जातात, म्हणून खेळामुळे उंच झाल्यासारखी दिसतात. मुलाला पोटभर प्रथिनांचं जेवण आणि पुरेशी झोप द्या. पहाटे साडेपाचला ग्राउंड आणि रात्री अकराला क्लासचा अभ्यास, यात आधी झोप मरते.

झपाट्याच्या काळात आधी पावलं वाढतात, मग पाय, सगळ्यात शेवटी धड. बूट दर चार महिन्यांनी लहान होऊ लागले की ओळखा. या काळात परवापर्यंत सुंदर स्लाइड करणारं (खाली बसून बाजूला सरकणारं) मूल अचानक अडखळायला लागतं, वळताना मागे राहतं, खाली बसायचा कंटाळा करतं. सरांना वाटतं आळस आला. शरीराची लांबी बदललीय आणि मेंदू अजून जुन्या मापाने पाय टाकतोय, एवढंच झालेलं असतं. या महिन्यांत डिफेन्सवरून मुलाला संघातून काढू नका. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला दुखतंय असं तो म्हणाला तर उड्या ताबडतोब कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. आपली बरीच कोर्टं सिमेंटची आहेत आणि वाढणाऱ्या हाडांना ती सोसत नाहीत. उड्या बंद असल्या तरी बाजूला उभं राहून बोलणं, बघणं, जागा सांगणं चालू ठेवता येतं, आणि ते डिफेन्सच आहे.

पायरी ३: डिफेन्सची वेगळी परीक्षा घ्या

पायांसाठी: पेंटची, म्हणजे रिंगखाली आखलेल्या चौकोनाची, रुंदी ४.९ मीटर आहे, ती प्रत्येक कोर्टवर आखलेली मिळते. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत २० सेकंद स्लाइड, किती वेळा रेषेला पाय लागला ते मोजा. पाय एकमेकांना लागले किंवा मूल सरळ उभं राहिलं तर ती खेप धरू नका. दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा. दुसऱ्या खेपेत किती घसरण झाली तेही लिहा. तुलना शेजारच्याशी करायची नाही; त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करायची.

नजरेसाठी एक सराव आहे तो मला सगळ्यात प्रिय आहे. चार विरुद्ध चार, बॉल बाहेरच्या बाहेर फिरतोय. मध्येच शिट्टी. सगळ्या डिफेन्डरनी जागच्या जागी थांबून डोळे मिटायचे आणि एका हाताने बॉलकडे, दुसऱ्या हाताने आपल्या माणसाकडे बोट दाखवायचं. पहिल्या दिवशी काय दिसतं सांगतो: उंच मुलाचा एक हात बरोबर बॉलकडे असतो आणि दुसरा हवेत भिरभिरतो, कारण त्याचा माणूस केव्हाच पाठीमागून बेसलाइनला सरकलेला असतो. आणि कोपऱ्यात कोणाच्या लक्षात न येणारी एखादी लहानखुरी मुलगी दोन्ही हात झटक्यात बरोबर दाखवते. तिला तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तपासा. प्रत्येक वेळी बरोबर असेल तर हिच्यात मोठी डिफेन्डर आहे, उंची काहीही असो.

आवाज हीही परीक्षाच आहे. ‘स्क्रीन डावीकडे’ (डावीकडे वाट अडवायला कोणी उभा आहे), ‘मी हेल्प’ (मदतीला मी येतो), ‘स्विच’ (माणसं बदला) हे वेळेवर आणि मोठ्याने कोण बोलतं? गप्प डिफेन्स वयाच्या पंधराव्या वर्षीपर्यंत खपून जातो, पुढे नाही.

पायरी ४: बुटक्या खेळाडूला रिंगखालचं काम शिकवा

इथे मोठी चूक ही की त्याला बॉल अंगावर आल्यानंतर लढायला शिकवतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो. उंच माणसाने पेंटमध्ये, रिंगकडे पाठ करून, डोक्यावर बॉल घेतला की बुटक्याकडे करण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून सगळी मेहनत बॉल यायच्या आधी.

पहिलं, जागा. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पेंटच्या कडेला, येणाऱ्या उंच खेळाडूला त्याची आवडती जागा गाठू द्यायची नाही. तो त्या जागेकडे धावत असतानाच छातीने वाट अडवा, पाय आधी तिथे रोवा. नियम तुमच्या बाजूने आहे: समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आधी मिळवलेली जागा तुमची असते. तो पेंटच्या बाहेर एक पाऊल ढकलला गेला तरी अर्धं काम झालं.

दुसरं, पुढून उभं राहणं. बॉल आणि त्याच्यामध्ये अंग घाला, एक हात पास अडवायला वर, एक हाताचा पुढचा भाग त्याच्या कमरेशी, म्हणजे तो कुठे सरकतो ते न बघता कळतं. वरून उंच पास येईल, येणारच. त्यासाठी पाठीमागे दुसऱ्या बाजूच्या डिफेन्डरने एक पाय पेंटमध्ये ठेवलेला हवा. हे दोघांचं काम आहे हे सरावात दोघांनाही एकत्र उभं करूनच शिकवा.

तिसरं, बॉल त्याच्याकडे गेलाच तर वर उड्या मारू नका. उंच मुलं, विशेषतः या वयातली, बॉल घेतल्यावर तो कमरेपर्यंत खाली आणतात. हात खालून वर, बॉलवर. मनगटावर मारलं तर फाउल, बॉलवर मारलं तर स्टील.

बॉक्स आउटमध्ये बॉलकडे बघत बसणं ही सवय मोडायला वेळ लागतो. शॉट सुटला की आधी माणूस शोधा, त्याला अंगाने लागा, मग वळून बूड खाली करून त्याच्या मांड्यांवर बसल्यासारखे टेका. रिबाउंड तुम्हाला मिळालाच पाहिजे असं नाही. तुमचा माणूस रिकाम्या हाताने परत गेला की तुमचं काम चोख झालं, आणि सरांनी हे मोठ्याने सांगायला हवं, कारण स्कोअरशीटवर ते कुठेच लिहिलं जात नाही.

बाहेरच्या बाजूला बुटक्याची हत्यारं अधिक आहेत. बॉल हातात धरलेल्या खेळाडूला एक मीटरच्या आत चिकटून अडवलं तर त्याला पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावाच लागतो. बॉल अर्ध्या कोर्टच्या पुढे न्यायला आठ सेकंद असतात. चांगला लहान गार्ड त्यातली सहा-सात खाऊन टाकतो आणि समोरच्या संघाचा हल्ला घाईत सुरू होतो. हा सगळा ताण पॉइंटमध्ये दिसत नाही, पण चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचा गार्ड कंबरेवर हात ठेवून उभा राहिलेला दिसतो.

पायरी ५: उंच खेळाडूला रिंगपासून दूर न्या

उंच मुलाला तेराव्या वर्षी सगळे शॉट ब्लॉक करता येतात, आणि तेच त्याच्या मुळावर येतं. तो पाय हलवायचा थांबतो, फक्त हात फिरवतो. समोरची मुलं वाढली की हे ब्लॉक फाउल होतात.

म्हणून प्रत्येक सरावात किमान दहा मिनिटं त्याला संघातल्या सगळ्यात चपळ गार्डसमोर मोकळ्या कोर्टवर उभं करा. तो हरेल. हरू द्या. क्लोजआउट (शॉट घेऊ पाहणाऱ्याकडे धावत जाऊन अडवणं) शिकवताना त्याला वेगळा हिशोब द्या: दोन तृतीयांश अंतर जोरात पळायचं, मग छोटी पावलं, आणि बुटक्यापेक्षा अर्धं पाऊल आधी थांबायचं. त्याची पोच ते अंतर भरून काढते, आणि त्या अर्ध्या पावलामुळे ड्रिबल करून कोणी बाजूने निघून जात नाही.

रिंगपाशी त्याला सरळ वर उडायला शिकवा. हात वर, छाती सरळ, पुढे झुकायचं नाही. समोरचा येऊन आदळला तर फाउल त्याचा. सरावात त्याच्या दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू द्या आणि लेअप अडवायला सांगा, म्हणजे हात फिरवायची सवय जाते. ब्लॉक केलाच तर बॉल प्रेक्षकांत भिरकावू नये. बिल रसेल ब्लॉक केलेला बॉल कोर्टमध्येच ठेवून आपल्या माणसाकडे जाईल असं बघायचा, आणि त्याने १३ हंगामांत ११ विजेतेपदं घेतली. आणि बोलणं: मागे उभा असलेल्याला सगळं कोर्ट दिसतं, म्हणून सगळ्यात मोठा आवाज त्याचाच हवा.

अँथनी डेव्हिस हायस्कूलमध्ये गेला तेव्हा गार्ड होता. शाळेतच तो जवळपास सात फुटांकडे गेला, पण गार्डचे पाय आणि नजर त्याच्याकडे राहिली. पुढे एनबीएत ब्लॉकमध्ये तो पहिला आला. डेनिस रॉडमन तर हायस्कूल संपेपर्यंत सहा फुटांच्या आत होता. त्यानंतर वाढून सहा फूट सात झाला, दोनदा सर्वोत्तम डिफेन्डर ठरला आणि सलग सात हंगाम रिबाउंडमध्ये अव्वल राहिला. कोणाला आपण पंधराव्या वर्षी घरी पाठवतोय याची ही दोन उदाहरणं निवड समितीने डोळ्यासमोर ठेवावीत.

पायरी ६: झोनचा मोह आवरा

उंच मुलगा मध्ये, दोन-तीन झोन (माणूस न धरता जागा राखायची, पुढे दोन, मागे तीन), आणि अंडर-१४ची ट्रॉफी. या वयात बाहेरून शॉट फारसे जात नाहीत म्हणून हे चालतं. पण त्या मोसमात कोणीच माणूस धरायला शिकत नाही. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलच्या लहान गटांसाठीच्या मार्गदर्शिकेत ११ वर्षांपर्यंत झोन नकोच म्हटलं आहे. मी म्हणेन १४ पर्यंत निम्म्याहून जास्त वेळ मॅन-टू-मॅन खेळा, आणि त्यातही माणसं बदलत राहा: एका क्वार्टरला उंचाने गार्ड धरायचा, एका क्वार्टरला गार्डने उंच.

पायरी ७: सामन्यात वेगळं शीट ठेवा

राखीव बसलेल्या एका मुलाला कागद-पेन द्या. पाच गोष्टींच्या रेघा मारायच्या: बॉलला लागलेलं बोट, पूर्ण झालेला बॉक्स आउट, घेतलेला चार्ज (आधी जागा घेऊन समोरच्याकडून मिळवलेला फाउल), वेळेवर दिलेली हेल्प, आणि उलट बाजूला, सरळ ड्रिबलवर बाजूने गेलेला माणूस. बॉलला लागलेली बोटं एनबीएही मोजतं. सामना संपल्यावर पॉइंटच्या आधी हे शीट वाचा. तीन-चार सामन्यांत नावांचा क्रम असा काही बदलतो की निवडीच्या दिवसाची रांग आठवावी लागते. लिहिणारं मूलही त्या दिवशी बरंच शिकून घरी जातं.

जागा कधी ठरवायची, हे वहीच सांगते. लागोपाठ दोन नोंदींत, म्हणजे सहा महिन्यांत, एक सेंटीमीटरही वाढ दिसली नाही की वाढ संपत आली. मुलींत हे बहुधा पंधराच्या आसपास, मुलांत सतराच्या पुढेमागे. तेव्हा पोच, स्लाइडचे आकडे आणि सामन्यांची शीट शेजारी शेजारी ठेवा आणि काम वाटा. १६८ सेंटीमीटरवर थांबलेला, पाय चपळ, नजर पक्की: हा समोरच्याच्या मुख्य गार्डला पूर्ण कोर्टभर धरेल. १८५चा, पोच लांब पण पाय मंद: रिंगपाशी, आणि पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून रिंगकडे वळायच्या चालीवर) मागे थांबून. १७८चा, सगळंच मध्यम पण आवाज मोठा आणि डोळे मिटून दोन्ही बोटं बरोबर दाखवणारा: याला शेवटच्या दोन मिनिटांत कोर्टवर ठेवा आणि डिफेन्सच्या सूचना त्यालाच देऊ द्या.